आठ इनपुट, दोन कान : भजनाचे स्टिरिओ मिक्स मल्टिट्रॅक रेकॉर्डरवर कसे करावे

भजनाचे ध्वनिमुद्रण करायचे म्हणजे एकाच वेळी वाजणारी आणि एकमेकांच्या माईकमध्ये शिरणारी सात-आठ वाद्ये व आवाज अखेर दोन कानांत नीट बसवायचे असतात. संगणक सोबत न नेता, फेडर (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या खुंट्या) असलेल्या आणि मेमरी कार्डावर मुद्रण करणाऱ्या डिजिटल मल्टिट्रॅक रेकॉर्डरवर हे काम उत्तम होऊ शकते. सांगली जिल्ह्यातल्या गावांत मंडळांच्या बैठका मुद्रित करताना मी जी पद्धत पाळतो, ती येथे सविस्तर मांडत आहे. झूम, टास्कॅम, बॉस अशा वेगवेगळ्या यंत्रांत बटणांची नावे आणि मेनूची रचना वेगळी असली, तरी आवाजाचा मार्ग साधारण एकच असतो : इनपुट, गेन (आत येणारा आवाज किती वाढवून घ्यायचा ते), ट्रॅक, फेडर, पॅन (आवाज डावीकडे की उजवीकडे ठेवायचा ते) आणि शेवटी डावी-उजवी जोडी.

आधी ट्रॅक वेगळे, मग जोडी

आठ इनपुट दोन वाहिन्यांवर आणण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात सर्व इनपुट मुद्रणाच्या वेळीच एका स्टिरिओ जोडीकडे वळवले जातात, म्हणजे बैठक संपते तेव्हा मिक्सही तयार असते. दुसऱ्यात प्रत्येक इनपुट स्वतःच्या ट्रॅकवर वेगळा मुद्रित होतो आणि मिक्स नंतर सावकाश केले जाते. यंत्र एका वेळी दोनच ट्रॅक मुद्रित करू शकत असेल तर पहिल्या मार्गाला पर्याय नाही. यंत्राची क्षमता असेल तर मात्र नेहमी दुसराच मार्ग घ्यावा, असे मी आग्रहाने सांगतो, आणि त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी कार्तिकातल्या एका काकड आरतीचे मुद्रण मी थेट स्टिरिओ जोडीवर केले होते. हेडफोन लावून मी बुवांपासून चार हातांवर बसलो होतो, आणि त्यात बुवांचा आवाज टाळांच्या वर स्वच्छ ऐकू येत होता. घरी येऊन ऐकले तेव्हा अभंगाचे शब्द टाळांखाली पुरते गाडले गेले होते. बुवांचा प्रत्यक्ष आवाज हेडफोनच्या गाद्यांमधून माझ्या कानांपर्यंत पोहोचत होता आणि मी त्यालाच मुद्रणातला आवाज समजून त्यांचा फेडर खाली ठेवला होता. एकदा जोडीत मिसळलेला आवाज रेकॉर्डरवर पुन्हा वेगळा काढता येत नाही, त्यामुळे ती पहाट तशीच गेली. तेव्हापासून, गायक-वादकांच्या सान्निध्यात बसून हेडफोनवर तोल ठरवायचा नाही, हा नियम मी कटाक्षाने पाळतो. बैठकीत हेडफोनचा उपयोग फक्त खरखर, गुणगुण आणि सैल झालेली केबल ओळखण्यासाठी करावा.

वेगळे ट्रॅक घ्यायचे तर कार्डावर जागा लागते आणि तिचा हिशेब आधीच करावा. २४ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ या मापाने एक ट्रॅक मिनिटाला सुमारे ८ एमबी जागा घेतो, म्हणजे आठ ट्रॅकांच्या तासाभराच्या मुद्रणाला ३.८ जीबी लागतात. यंत्रात १६ आणि २४ बिट असे दोन्ही पर्याय असतील तर २४ घ्यावेत. १६ बिटांत सर्वांत हलक्या आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर तत्त्वतः ९६ डेसिबल, तर २४ बिटांत १४४ डेसिबल असते. त्यामुळे गेन थोडा कमी ठेवला तरी काही बिघडत नाही आणि गजराच्या वेळी ट्रॅक फाटत नाही.

बैठकीची मांडणी

मिक्सचा मोठा भाग फेडरला हात लावण्याआधीच ठरलेला असतो, आणि तो ठरतो कोण कुठे बसले यावरून. मिरजेत वास्तव्य केलेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या सुरुवातीच्या तबकड्या विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातल्या आहेत. त्या काळी, म्हणजे १९२५ च्या सुमारास विद्युत मुद्रण येण्यापूर्वी, गायक आणि साथीदार एकाच कर्ण्यापुढे बसत आणि कोण किती अंतरावर बसतो एवढ्यावरच आवाजाचा तोल ठरत असे. आपल्याकडे आठ माईक आहेत म्हणून अंतराचे ते महत्त्व कमी झालेले नाही.

बैठकीच्या भजनात टाळकरी बहुधा बुवांच्या मागे आणि दोन्ही बाजूंना बसतात. बुवांपुढे ठेवलेला कार्डिऑइड माईक समोरचे जास्त आणि पाठीमागचे सर्वांत कमी उचलतो. त्याचे तोंड बुवांकडे असते, म्हणजेच बुवांच्या मागच्या टाळांकडेही असते. अशा वेळी टाळांचा फेडर कितीही खाली ओढला तरी टाळ कमी होत नाहीत, कारण ते बुवांच्या ट्रॅकमध्ये आधीच शिरलेले असतात. म्हणून मुद्रणापुरते टाळकऱ्यांना बुवांच्या समोर, माईकच्या पाठीकडे, अर्धवर्तुळात बसवावे. मंडळी सुरुवातीला कुरकुरतात, कारण जागा वर्षानुवर्षे ठरलेल्या असतात. पण बुवांचा हात आणि चेहरा समोर दिसू लागल्यावर झील, म्हणजे बुवांच्या मागून म्हणायची साथ, वेळेवर उचलली जाते, हे त्यांच्याच लक्षात येते.

माझी इनपुटांची वाटणी साधारण अशी असते. पहिल्यावर बुवांचा आवाज, दुसऱ्यावर पेटी, तिसऱ्या-चौथ्यावर पखवाजाची दोन तोंडे, पाचव्यावर तानपुरा, सहाव्यावर टाळ आणि सातव्या-आठव्यावर झील धरणाऱ्यांसाठी डावा-उजवा माईक. ही वाटणी करताना एक गोष्ट आधी तपासावी. कन्डेन्सर (नाजूक आवाजही टिपणाऱ्या) माईकला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माईकच्या केबलमधूनच दिली जाणारी वीज, काही यंत्रांत ठरावीक इनपुटांनाच मिळते, तर काहींत चार-चारच्या गटाने एकदम सुरू होते. तानपुऱ्यासाठी कन्डेन्सर लागणारच, म्हणून त्याचा क्रमांक फँटमप्रमाणे ठरवावा आणि बाकीची वाटणी त्याभोवती बसवावी. इलेक्ट्रॉनिक तानपुरा वापरायचा असेल तर त्याच्या आउटपुटमधून जॅक थेट इनपुटला द्यावा. गिटारसाठी असलेले हाय-झेड बटण त्या वेळी बंद ठेवावे.

पखवाजाला दोन माईक लावले की फेजचा, म्हणजे एकच आवाज दोन माईकांत वेगवेगळ्या वेळी पोहोचण्याचा, प्रश्न येतो, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ३४ सेंटिमीटर जायला त्याला एक मिलिसेकंद लागतो. पुडीचा (तोंडावरच्या कातड्याचा) एकच ठोका एका माईकपर्यंत दुसऱ्यापेक्षा एक मिलिसेकंद उशिरा पोहोचला आणि दोन्ही ट्रॅक एकत्र आले, तर ५०० हर्ट्झ आणि १५०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज परस्परांना खोडतो व पखवाज रिकाम्या डब्यासारखा वाजतो. त्यावर उपाय असा की माईक पुडीपासून जेवढ्या अंतरावर असेल, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माईकांमध्ये ठेवावे. माईक पुडीपासून वीतभर अंतरावर ठेवला, तर पखवाजाच्या लांबीमुळे हे प्रमाण आपोआप साधते. डावीकडच्या कणीक लावलेल्या तोंडाचा माईक थोडा तिरका ठेवावा, कारण तिथून निघणारा हवेचा झोत थेट माईकवर आला तर ‘धुम’ऐवजी ‘भप्प’ ऐकू येते.

पेटीचा माईक भात्याकडे नव्हे, तर पट्ट्यांच्या बाजूने वरून ठेवावा. बुवा स्वतःच पेटी वाजवत गात असतील तर त्यांच्या आवाजाच्या माईकमध्ये पेटी भरपूर येते. अशा बैठकीत पेटीचा वेगळा ट्रॅक मिक्समध्ये फारच थोडा लागतो. कधी कधी मी तो पूर्ण बंदही ठेवतो.

गेन

गेन लावताना मंडळाला विलंबित चालीतले दोन-चार आवर्तन नव्हे, तर अखेरचा चढता गजर म्हणायला सांगावे, कारण सर्वांत मोठा आवाज तिथेच असतो. त्या वेळी प्रत्येक ट्रॅकचे मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान वर जाऊन परत खाली यावे. तालमीत मंडळी जेवढ्या जोरात म्हणतात त्याहून प्रत्यक्ष कार्यक्रमात तीन-चार डेसिबल जास्तच होतात, म्हणून तेवढी मोकळीक सोडावी. १६ किंवा २४ बिटांच्या डिजिटल मुद्रणात शून्याच्या वर काहीच नसते. तिथे आदळलेला आवाज कायमचा फाटतो आणि नंतर फेडर खाली घेऊन तो सुधारत नाही.

गुणगुण ऐकू येत असेल तर ती याच टप्प्यावर घालवावी. आपल्याकडच्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे ती ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर बसते. रेकॉर्डरचा अडॅप्टर मंडपाच्या लायटिंगच्या बोर्डावर न लावता वेगळ्या प्लगवर लावणे, माईकच्या केबली विजेच्या वायरींना समांतर न नेणे आणि शक्य असल्यास यंत्र बॅटरीवर चालवणे, एवढ्याने ती बहुतेक वेळा जाते. वीज जाण्याची शक्यता असलेल्या ठिकाणी बॅटऱ्या यंत्रात असाव्यातच, कारण फाइल बंद होण्याआधी यंत्र बंद पडले तर संपूर्ण अभंग हातचा जाण्याचा धोका असतो.

फेडर कोणत्या क्रमाने उचलावेत

मिक्स दुसऱ्या दिवशी, शांत खोलीत आणि शक्य असल्यास हेडफोनऐवजी दोन स्पीकरवर करावे. सर्व फेडर खाली, सर्व पॅन मध्यावर, इक्यू (जाड-बारीक आवाज कमी-जास्त करण्याची सोय) आणि इफेक्ट बंद अशा स्थितीत आरंभ करावा.

मी प्रथम बुवांचा फेडर शून्याच्या पाच-सहा डेसिबल खाली आणून ठेवतो आणि मिक्स पूर्ण होईपर्यंत त्याला हात लावत नाही. बाकी सर्व त्याच्या मापाने बसवायचे असते. त्यानंतर पखवाज आणावा, तो बुवांच्या शब्दाला आधार देईल इतका. मग पेटी आणावी : हळूहळू वर न्यावी, ती वेगळी ऐकू यायला लागली की थांबावे आणि किंचित खाली घ्यावी. पुढे तानपुरा, त्यानंतर झील आणि सर्वांत शेवटी टाळ. टाळ शेवटी आणण्याचे कारण असे की त्यांचा तीक्ष्ण आवाज एकदा कानात भरला की बाकी सर्व मंद वाटू लागते आणि आपण सगळेच फेडर वर ढकलत जातो. शिवाय इतर सर्व माईकमधून टाळ आधीच बरेच आलेले असतात. फेडर उचलण्याआधीच ते पुरेसे वाटले तर सहावा ट्रॅक जेमतेम उघडावा.

फेडर उचलत गेल्यावर नवशिक्यांना एक गोष्ट कोड्यात टाकते. प्रत्येक ट्रॅकचे मीटर सुरक्षित असते, तरीही मास्टरचा, म्हणजे सर्व ट्रॅक एकत्र येतात त्या शेवटच्या जोडीचा, लाल दिवा लागतो. हे बेरजेमुळे होते. एकमेकांपासून भिन्न असलेले दोन सारख्याच पातळीचे आवाज एकत्र आले की पातळी सुमारे ३ डेसिबलने वाढते, आठ एकत्र आले की ९ डेसिबलने, आणि अगदी तंतोतंत तोच आवाज दुसऱ्यांदा मिसळला तर ६ डेसिबलने. अशा वेळी सर्व ट्रॅक फेडर सारख्याच प्रमाणात खाली घ्यावेत, म्हणजे तोल तसाच राहतो. एकटाच मास्टर फेडर ओढण्याची सवय मी टाळतो, कारण काही यंत्रांत बेरीज मास्टरच्या आधीच फाटलेली असू शकते.

पॅनमध्ये बैठकीचे चित्र उमटवायचे असते. बुवांचा आवाज आणि पखवाजाचे डावे तोंड मध्यावरच ठेवावे. जड आवाज एका बाजूला गेला की संपूर्ण मिक्स कलंडते. पखवाजाचे उजवे तोंड घड्याळाच्या एकच्या काट्यावर, पेटी दहावर, तानपुरा दोनवर आणि झीलेचे दोन माईक नऊ व तीनवर ठेवल्यास बुवांभोवती जागा मोकळी होते. टाळ कधीही टोकाला नेऊ नयेत. हेडफोनवर ऐकणाऱ्याच्या एकाच कानात ते अर्धा तास टोचत राहतात. पॅन फिरवल्यानंतर फेडर पुन्हा तपासावा, कारण बऱ्याच यंत्रांत मध्यावर असलेला आवाज प्रत्येक बाजूला ३ डेसिबल कमी जातो आणि बाजूला नेल्यावर त्या बाजूची पातळी वाढते.

इक्यूविषयी माझे मत असे की, वाढवण्यापेक्षा कमी करण्यावर भर द्यावा. बुवांच्या आवाजावर १०० हर्ट्झपाशी लो-कट (त्याखालचे आवाज कापणारी गाळणी) लावला तर मंडपाच्या फळ्यांचा धबधब जातो. टाळांना खालच्या पट्टीत काहीच नसल्याने तिथे लो-कट ३०० हर्ट्झपर्यंत नेता येतो, आणि त्या माईकमध्ये शिरलेला पखवाजही त्यामुळे बराच कमी होतो. पेटी शब्दांना झाकत असेल तर तिचा फेडर आणखी खाली न नेता, एक ते दोन किलोहर्ट्झच्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल कमी करून पाहावे.

तानपुऱ्याच्या बाबतीत मात्र विशेष जपावे लागते. ज्या मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिथला चांगला जवारी लावलेला तानपुरा समोर असताना कित्येक जण सवयीने त्याच्यावर ८० हर्ट्झचा लो-कट लावून मोकळे होतात. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर जोडीच्या तारांचा षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्झवर, मंद्र पंचम १०४ च्या आसपास आणि खर्ज (सर्वांत जाड तारेचा षड्ज) ६९.३ हर्ट्झवर असतो. म्हणजे ८० च्या लो-कटने खर्जाचा पायाच कापला जातो. वरचे स्वरांश शिल्लक राहिल्याने खर्ज ऐकू येतोसे वाटते, पण त्याचे भरीवपण जाते. म्हणून तानपुऱ्यावर लो-कट लावूच नये आणि फारच गरज भासली तर ४० हर्ट्झच्या वर जाऊ नये. ५० हर्ट्झची गुणगुण मुद्रणाच्या वेळीच घालवण्याचा आग्रह मी धरला तो यासाठी, कारण नंतर ती कापायला गेले तर खर्जालाही धक्का लागतो.

कॉम्प्रेसर (मोठा आणि हलका आवाज यांतले अंतर कमी करणारा) फक्त बुवांच्या आवाजावर आणि तोही हलका वापरावा. दगडी सभामंडपात मुद्रण झाले असेल तर रिव्हर्बची (कृत्रिम घुमाऱ्याची) गरज नसते. कार्यालयाच्या कोरड्या हॉलमध्ये झाले असेल तर प्रत्येक ट्रॅकवर वेगळा न लावता एकाच सेंडवरून (सर्व ट्रॅकांना सामाईक इफेक्टकडे नेणाऱ्या वाटेवरून) सर्वांना थोडा थोडा द्यावा, म्हणजे सर्व जण एकाच जागी बसलेले वाटतात.

एकाच स्पीकरवर तपासणी

स्टिरिओ मिक्स किती जण स्टिरिओत ऐकतील याचा विचार करावा. देवळाच्या शिखरावरचा कर्णा एकेरी, आणि कित्येक मोबाइलचा स्पीकरही एकेरीच असतो. म्हणून यंत्रात मोनोचे बटण असल्यास ते दाबून, नसल्यास सर्व पॅन मध्यावर आणून एकदा संपूर्ण अभंग ऐकावा. मोनोत झील अचानक क्षीण झाली किंवा पखवाज पोकळ वाजू लागला तर दोन माईक एकमेकांना खोडत आहेत असे समजावे. यंत्रात फेज उलटण्याची सोय असेल तर जोडीतला एक ट्रॅक उलटून पाहावा आणि ज्या स्थितीत आवाज भरीव लागेल ती कायम ठेवावी. तेवढ्याने न जमल्यास दोहोंपैकी एकच माईक वापरावा.

जोडीवर उतरवणे

तोल मनासारखा झाल्यावर मिक्स स्टिरिओ मास्टरवर उतरवावे. काही यंत्रांत मास्टरसाठी राखीव जोडी असते, काहींत दोन रिकाम्या ट्रॅकांवर बाउन्स करावे, म्हणजे मिक्स तिथे पुन्हा मुद्रित करावे लागते. बाउन्स करण्याआधी कोणताही ट्रॅक चुकून सोलो (एकटाच वाजणारा) किंवा म्यूट (बंद) राहिलेला नाही याची खात्री करावी. मिळालेल्या जोडीचा एक ट्रॅक पूर्ण डावीकडे आणि दुसरा पूर्ण उजवीकडे पॅन करावा, नाहीतर सगळी मेहनत मध्यावर गोळा होते. ऐकताना मूळ ट्रॅक म्यूट करावेत. तसे न केल्यास तोच आवाज दोनदा वाजून पातळी सहा डेसिबलने वाढते, आणि यंत्राने मिक्सला किंचित उशीर लावला असेल तर पखवाजाच्या बाबतीत सांगितलेला पोकळपणा सर्वच वाद्यांत येतो.

अभंग सुरू होण्याच्या तीन-चार सेकंद आधीपासून उतरवणे सुरू करावे आणि शेवटच्या टाळेनंतर तानपुऱ्याची आस पूर्ण विरेपर्यंत थांबावे. गजराच्या वेळी टाळ दोन डेसिबल खाली घेणे, एखाद्या ओवीत पेटी उचलणे अशा फेडरच्या हालचाली आधी दोनदा सराव करून मग कराव्यात. मास्टरचे शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. यूट्यूबसारख्या ठिकाणी मोठ्या आवाजाची सरासरी पातळी सुमारे उणे १४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचे माप) खाली आणली जाते, त्यामुळे मिक्स ओढूनताणून मोठे केल्याने तिथे काही लाभ होत नाही आणि टाळ मात्र चिरचिरू लागतात. तयार झालेली १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची स्टिरिओ वेव्ह फाइल मिनिटाला साडेदहा एमबी भरते. व्हॉट्सॲपसाठी तिची एमपीथ्री प्रत वेगळी काढावी आणि मूळ वेव्ह जपून ठेवावी.

आठही ट्रॅकांची प्रत दुसऱ्या कार्डावर घेईपर्यंत पहिले कार्ड पुसू नये. त्याबरोबर प्रत्येक फेडरची आणि पॅनची जागा मी वहीत लिहून ठेवतो, कारण प्रोजेक्ट पुन्हा उघडल्यावर यंत्राला जुन्या पातळ्या आठवत असल्या तरी साध्या यंत्रातले फेडर स्वतःहून त्या जागी सरकत नाहीत, आणि समोर दिसणारी जागा व प्रत्यक्ष आवाज यांचा मेळ राहत नाही. दोन दिवसांनी बुवांनी ऐकून तिसऱ्या अभंगात पेटी थोडी वर हवी असे सांगितले, तर वहीतले आकडे पाहून सर्व फेडर जागेवर आणायचे, पेटीचा एकच फेडर दीड डेसिबल उचलायचा आणि तेवढाच अभंग पुन्हा जोडीवर उतरवायचा. अभंग जेवढ्या मिनिटांचा, तेवढाच वेळ त्याला लागतो.